खाली उजव्या कोपऱ्यात

आमचे अण्णा पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. गडहिंग्लजमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या, एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची खताची जाहिरात, तीन शाळांवरचे सुविचार हे सगळं त्यांच्या हातचं. पाटी संपली की खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत ते सही करायचे. ती करताना खारीच्या केसांचा सगळ्यात बारीक ब्रश काढायचे आणि श्वास रोखायचे. पाटीचे पैसे मिळायचे, सहीचे मिळायचे नाहीत. तरी सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागायचा.

त्यामुळे नवीन गावात गेलं की मी देवळं, हॉटेलं वगैरे नंतर बघते. आधी भिंती. मावसबहीण छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहते. दहा वर्षं बोलावत होती, डिसेंबरात जमलं. पाच दिवस, दोन पायांवर, भिंती बघत हिंडायचं, असं ठरवूनच गेले. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "वेरूळ-दौलताबादला नाही जायचं?" म्हटलं, बघू.

पहिला दिवस

रातराणीनं सकाळी उतरले. सिडकोतले पत्ते म्हणजे गणिताचा पेपर: एन-सात, मग सेक्टर, मग घर नंबर. रिक्षावाला मात्र एकदाही न चुकता दारात. बहिणीनं चहा दिला आणि सांगितलं की आज तिला बाहेर पडता येणार नाही, आज पाण्याचा दिवस आहे. जायकवाडीसारखं धरण पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या शहरात नळाला पाणी यायचा 'वार' असतो, हे आम्हा नदीकाठच्या माणसांना कळायला जरा वेळ लागतो. अंगणात निळे ड्रम रांगेनं उभे होते. मी एकटीच निघाले.

जालना रोडवर पहिली रंगीत भिंत लागली आणि मग लागतच गेल्या. २०२३च्या फेब्रुवारीत जी-२०च्या महिला गटाची बैठक या शहरात झाली, पाहुणे येणार म्हणून भिंती, खांब, दुभाजक सगळं रंगलं होतं. त्यातलं बरंच अजून टिकून आहे. पैठणीचे मोर, वारली माणसं, बीबी का मकबऱ्याचा घुमट, शिकणाऱ्या मुली, आणि पद्मपाणी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला तो कमळ धरलेला बोधिसत्त्व मला त्या दिवशी किती वेळा भेटला ते मोजणं मी सातव्या वेळेला सोडलं. एका ठिकाणी त्याच्या कमळाखाली बोअरवेलवाल्यानं स्टेन्सिलनं आपला मोबाइल नंबर मारलेला. दुसऱ्या ठिकाणी मान तिरकी करण्याच्या नादात पेंटरनं त्याला चक्क मान अवघडल्यासारखं केलं होतं. पण एक, फक्त एकच, असा होता की मी रस्ता ओलांडून परत गेले. डोळे अर्धे मिटलेले, पापणीची रेघ एका दमात ओढलेली. असा हात घोटून घोटून येतो. मी खाली वाकून उजवा कोपरा बघितला, मग डावा. सही नव्हती. कुठल्याशा योजनेचं नाव होतं, आणि घोषवाक्य.

दिवसभरात चाळीसेक भिंती पाहिल्या असतील. सही कुठेच सापडली नाही. त्या नव्या चित्रांवर माझा राग नाही, उलट धुळीच्या रस्त्यावर बरी वाटतात. पण घाईघाईत बोलावून रंगवून घेतलेल्या पोरांना कोपरा सुद्धा दिला नाही, हे मला खुपलं.

संध्याकाळी औरंगपुऱ्याच्या बाजूनं एका बोळात शिरले आणि तिथं ती मिळाली. एका बंद शटरशेजारच्या भिंतीवर, डिस्टेंपरवर ऑइलपेंट. 'सायकल भाड्याने मिळेल'. निळं अक्षर, त्याला लाल शेड, शेडला पुन्हा पांढरी बारीक कड. 'सायकल'मधल्या 'य'च्या पोटात चाक काढलेलं, चाकाला मोजून बारा आरे. 'मिळेल'चा 'ल' तर असा वळवला होता की वाटावं, रस्त्यावर सायकल घेऊन कोणी गिरकी मारली. खाली उजव्या कोपऱ्यात सही. आणि सहीवर विजेचा मीटर! पेटीच्या कडेबाहेर उरलं होतं एवढंच: '…ल आर्ट्स'.

दुकान बंद. शेजारच्या रसवंतीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "उद्या या, नाहीतर परवा या. त्यांचं काही खरं नसतं."

दुसरा दिवस

आज जुनं शहर. पैठण गेटपासून टिळक पथानं गुलमंडीपर्यंत, तिथून सिटी चौक, शहागंजचा घड्याळाचा मनोरा, असा सरळ बेत होता. तो गुलमंडीलाच मोडला, कारण कोणीतरी बोलता बोलता 'रंगार गल्ली' म्हणालं. ज्या गावात रंगार गल्ली आहे तिथं मी घड्याळ बघायला जाणार आहे का!

रंगार म्हणजे कापड रंगवणारे, पाट्या रंगवणारे नव्हेत, हे मलाही कळतं. आता तिथं रंगाचं काही उरलेलं मला तरी दिसलं नाही. साड्या, भांडी, इमिटेशनचे दागिने. पण गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर म्हातारे चाचा नंबरप्लेट लिहीत बसले होते. हातानं! डाव्या हाताखाली टेकू द्यायला काठी, काठीच्या टोकाला चिंधीचा गोळा बांधलेला. अण्णांची अगदी तशीच होती. मी तिथंच उभी राहिले. पाच मिनिटांनी मान वर न करता ते म्हणाले, "काय शोधायलात ताई? पत्ता का?"

म्हटलं, "पेंटर शोधायलेय." माझ्या तोंडात त्यांची बोली कशी आली कोणास ठाऊक.

मग दीड तास गेला. त्यातला अर्धा चहात. चाचा मराठी आणि उर्दू दोन्ही पाट्या करायचे. मराठीत, ते म्हणाले, अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी वरच्या रेघेला लटकतात, रेघ चुकली की सगळी पाटी चुकली. उर्दूत नस्तालिक लिहायचं तर उलटं: शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि उतारावरून पाणी यावं तसा डावीकडे खाली येतो. रेघ नसते, तोल असतो. मला ते दाखवायला त्यांनी ओट्यावरच खडूनं एकच शब्द दोन्ही लिप्यांत लिहिला: रंग. शेजारून जाणाऱ्या पोराची चप्पल पडून अर्धा पुसला, त्यांनी पुन्हा लिहिला.

मी भीत भीत शहराच्या नावाचा विषय काढला. बाहेरगावच्या माणसानं तो काढू नये असं बहिणीनं बजावलं होतं. पण मला पाट्यांपुरतंच विचारायचं होतं. निम्म्या दुकानांवर जुनं नाव, निम्म्यांवर नवं, काहींवर जुन्यावर पांढरा पट्टा मारून नवं कोंबलेलं. चाचा हसले. "औरंगाबाद किती अक्षरं? पाच. छत्रपती संभाजीनगर? दहा. बरोबर दुप्पट. आमच्याकडे रेट अक्षरावर असायचा बेटी! हे आमच्या जमान्यात झालं असतं तर मी माडी बांधली असती." आणि जरा थांबून, "आता फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटावर घेतो. त्याला पाच काय न दहा काय."

परत येताना मी बोटावर मोजत होते. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं ते खडकी, तीन अक्षरं. त्याच्या मुलानं, फतेह खानानं, १६२६ मध्ये केलं फतेहनगर, सहा. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, त्यानंतर औरंगाबाद, पाच. २०२३ पासून दहा. चारशे वर्षांत पाटी चार वेळा रंगवून घेतलेलं गाव आहे हे.

सायकलच्या भिंतीचा फोटो चाचांना दाखवला. त्यांनी मोबाइल नाकाला लावून पाहिला, मोठा करून पाहिला, 'ल'वर बोट ठेवलं. "हात ओळखीचा आहे. कमल असेल. नाहीतर अनिल. सुनील पण होता एक, पण तो शेड उजवीकडे द्यायचा." शेड डावीकडे होती. म्हणजे सुनील बाद. अर्धं काम झालं म्हणायचं.

शहागंजला पोहोचेपर्यंत अंधार पडला. नान खलिया खाल्ला. मोठी, हळदीनं पिवळी दिसणारी नान आणि वर तर्रीचा तवंग असलेलं मटण. तुघलकाच्या फौजेसाठी हा प्रकार सुरू झाला असं इथं सगळे सांगतात. आमच्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला तिखट कमी वाटलं, पण हे कोल्हापूरकडच्या माणसानं सगळीकडेच म्हणायचं असतं.

तिसरा दिवस

सकाळी भडकल दरवाजा. १६१२चा, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरनं बांधलेला. दगडी, भक्कम, आणि त्याच्याभोवती रिक्षा. जवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. इथून पुढे दिवसभर निळा रंग सोबतीला असणार होता हे तेव्हा माहीत नव्हतं.

पाणचक्कीकडे चालत गेले. डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, ही तीनेकशे वर्षांपूर्वीची करामत. सोमवारच्या निळ्या ड्रमांची रांग डोळ्यांपुढे होती, त्यामुळे मी जरा जास्तच वेळ बघत बसले. बाहेरच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये'. त्याखाली भरपूर थुंकलेलं. थोडं पुढे एका घरमालकानं जास्त हुशारी केली होती: गणपती, साईबाबा, येशू, मक्का अशा चार फरशा ओळीनं भिंतीत बसवलेल्या. ती भिंत स्वच्छ. भिंतीवरच्या चित्राचा एवढा रोकडा उपयोग दुसरा नसेल.

मकबऱ्यात मला भिंती बघायच्या नव्हत्या, दार बघायचं होतं. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, तिची ही कबर, १६६०च्या सुमाराची. मुलानं, आझमशाहनं, आईसाठी बांधवली असं सांगतात. संगमरवर लागला तो थोडाच, बाकी सगळं चुन्याच्या गिलाव्यावरचं नक्षीकाम. लोक ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात. मी पेंटरच्या घरातली आहे, मला गिलाव्यावरच्या कामाची किंमत जास्त वाटते. दगडात चूक झाली तर दगड बदलता येतो, ओला गिलावा थांबत नाही.

तर दार. मुख्य प्रवेशद्वाराच्या पितळेनं मढवलेल्या दारावर लेख आहे आणि त्यात दोन नावं आहेत: आराखडा करणारा अताउल्ला आणि बांधकाम करणारा हंसपत राय. बादशाही घराण्यानं स्वतःच्या कबरीच्या दारात कारागिराला सही करू दिली! हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, ज्याला ताजमहालाचा वास्तुकार मानतात. बापाची सही ताजवर नाही. तिथं सही आहे ती अमानत खानाची, आणि त्यानं काय केलं होतं? अक्षरं लिहिली होती. हे मी पूर्वी वाचलेलं होतं, पण त्या दारापुढे उभं राहिल्यावर अण्णांना सांगावंसं वाटलं की बघा, एवढ्या मोठ्या इमारतीत सही राहिली ती पाटीवाल्याचीच. सांगायला आता अण्णा नाहीत, म्हणून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "जेवलीस का?"

दुपारी विद्यापीठाकडे. रस्त्यातल्या वस्त्यांत, कंपाउंडवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर एक चित्र पुन्हा पुन्हा दिसत होतं आणि मला ते आधी कळेना. दोन खांब, वर आडवी कमान. मंदिर नाही, किल्ला नाही. विद्यापीठाच्या दारात पोहोचल्यावर ट्यूब पेटली: ते हे गेट आहे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं. बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांनी काय भोगलं ते मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या तारखेला इथं लोटणारी गर्दी मी टीव्हीवर पाहिली होती. पण भिंतीवर हे गेट कसं काढतात ते पाहिलं नव्हतं. कुणी पट्टीनं आखून, कुणी नुसत्या चार रेघांत, एका पोरानं तर विटेच्या तुकड्यानं. चारच रेघांत ओळखू येतं. नावासाठी एवढी माणसं झगडली, आणि चित्र काढताना नाव लिहायची गरजही पडत नाही.

परत येताना नागसेनवनाच्या बाजूला दोन पोरं एक भिंत रंगवत होती. मिलिंद महाविद्यालय याच परिसरात, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, १९५०चं. मोठ्या कागदावर चेहरा काढून, रेघेवर टाचणीनं भोकं पाडून, तो कागद भिंतीला धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची, म्हणजे भिंतीवर ठिपक्या-ठिपक्यांनी चेहरा उमटतो. अण्णांकडे शिवाजी महाराजांचा असा कागद होता, थापटून थापटून काळा झालेला. मी विचारलं, "सही करणार का?" एकानं दुसऱ्याकडे बघितलं. "बाबासाहेबांच्या खाली आमची सही? काहीतरीच काय ताई." मग त्यानं चष्म्याची दांडी रंगवायला घेतली. मी पुढे काही बोलले नाही.

चौथा दिवस

पायी फिरायचं ठरलं होतं, पण रोज भेटणाऱ्या त्या पद्मपाणीला मूळ घरी भेटायलाच हवं. मध्यवर्ती स्टँडवरून एसटी, फुलंब्री, सिल्लोड, शंभरेक किलोमीटर. फाट्यावर उतरून दुसऱ्या बसनं लेण्यांपर्यंत. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, माझ्या शेजारच्या बाईंच्या पिशवीतल्या कोंबडीसकट सगळे झोपले होते.

पहिल्या लेण्यात तो आहेच. अंधारात, मंद दिव्यात. जालना रोडवरच्या सात जणांनी त्याचं कमळ उचललं, मान उचलली, मुकुट उचलला, पण ओठांच्या कोपऱ्यातलं ते जे काही आहे ते कोणालाच उचलता आलेलं नाही. फक्त त्या एकाची पापणी जवळ जाते, हे मी खात्रीनं सांगते. मातीत साळीचा तूस, गवताचे धागे कालवून दगडाला लिंपायचं, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा मात्र बाहेरून आणलेला, लाजवर्दाचा. हा निळाही परगावचाच.

मला खरं जायचं होतं दहाव्या लेण्यात. २८ एप्रिल १८१९, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आलेला, त्याला ही लेणी 'सापडली' म्हणतात. (लेणापूरच्या गुराख्यांना ती हरवलीच नव्हती.) त्यानं दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या चित्रावर, आपलं नाव आणि तारीख खरवडली. गाइडनं बोट दाखवलं तिथं मान वर करून बघावं लागतं. तेव्हा लेण्यात माणूसभर उंचीला गाळ साचलेला होता, साहेब त्याच्यावर उभा होता. गाळ काढला, सही वर राहिली. मला रेघा दिसल्या, अक्षरं काही लागली नाहीत. गाइड म्हणाला, "नीट बघा मॅडम, जे दिसतंय." जे नव्हतं दिसत.

लेणी कोरायला पैसे देणाऱ्यांची नावं अजिंठ्यात कोरलेली आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव, सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्र. शिकाऱ्याचं नाव आहे. 'राम + सविता' छापाचीही कितीतरी असतील. पापणी ओढणाऱ्याचं नाव मात्र नाही. मी पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. माकडानं केळं नेलं.

पाचवा दिवस

दुपारची गाडी. सकाळी नऊला मी पुन्हा त्या बोळात. शटर अर्धं उघडं होतं. आत सायकली नव्हत्या, मोबाइलची कव्हरं होती. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध. मी भिंतीबद्दल विचारलं तर आधी त्यांना वाटलं मी महापालिकेची. मग म्हणाले, "वडिलांनी करून घेतलेली. सायकली कधीच विकल्या. पण दरवर्षी दिवाळीला घर रंगवतो तेव्हा एवढी भिंत सोडतो. काहून, ते नका विचारू."

"पेंटरचं नाव काय होतं?"

"नाव… आम्ही पेंटरच म्हणायचो." ते बाहेर येऊन मीटरच्या पेटीकडे बघत राहिले, जणू ती आजच बसवली. "ही पेटी मीच लावून घेतली की हो. कमल असेल. कमल आर्ट्स."

चाचांचा पहिला अंदाजही तोच होता. मला वाटलं झालं. पण त्यांना खात्री वाटेना. त्यांनी वाळूजला थोरल्या भावाला फोन लावला, स्पीकरवर. थोरले म्हणाले, "कमल कुठला? अनिल. आपल्या लग्नाचं बॅनर त्यानंच केलं नाही का?" हे म्हणाले, "ते बॅनर तुझ्या लग्नाचं, माझ्या लग्नाला फ्लेक्स होता." थोरले म्हणाले, "तुझ्या लग्नात फ्लेक्स कुठून आला, तुझं लग्न माझ्या आधी ठरलं होतं." मग लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला. तो बराच जुना असावा. रसवंतीवाला गुऱ्हाळ थांबवून आला आणि म्हणाला, "शीतल होतं ओ, शीतल आर्ट्स. आमचा गाडा त्यानंच रंगवला." त्यानं गाडा दाखवला. गाड्यावर ऊस रंगवला होता, बैल रंगवला होता, सही नव्हती.

माझी गाडीची वेळ झाली. मी निघाले तेव्हा मालक स्टूल आणून त्यावर चढले होते, पेटीच्या फटीतून मोबाइलची बॅटरी मारून बघत होते, आणि थोरले स्पीकरवरून ओरडत होते, "काय दिसायलंय? अरे बोल की, काय दिसायलंय?"